पाहुणा रहिवासी कधी होतो? परदेशी नागरिक आणि दुचाकीचा परवाना

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस आज आरटीओच्या नियमांवर बोलणार, हे ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. पण हा विषय आपल्या शहराचा आहे. छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठात शिकायला येमेन, इराक अशा देशांतून मुलं येतात. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाचा कारखाना आहे, तिथे युरोपातले अभियंते येऊन राहतात. वेरूळ-अजिंठा बघायला येणारे वेगळेच. आणि वाळूजला तर १९८५ पासून बजाजच्या दुचाक्या तयार होतात! अशा गावात माणूस आला की आठ दिवसांत कुणीतरी त्याला म्हणतंच, "अरे, रिक्षाला कशाला पैसे घालतोस, माझी स्कूटर घेऊन जा ना." आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्यावर आहे असं समजा.

आधी एक शब्द घेऊ. परवान्याला आपण सहज 'गाडी चालवायचा अधिकार' म्हणतो. हा 'अधिकार' शब्द मीमांसकांनी फार बारकाईने तपासला आहे. एखादं कर्म करायचा अधिकार कुणाला? ज्याला ते करायची इच्छा आहे, ज्याच्या अंगी ते करण्याचं सामर्थ्य आहे, ज्याला त्याचं ज्ञान आहे, आणि ज्याला शास्त्राने वगळलेलं नाही. पहिल्या तीन अटी माणसाच्या अंगच्या आहेत. चौथी बाहेरून लादलेली. आणि या चौथ्या अटीच्या आधाराने आपल्याकडे शतकानुशतकं जन्मावरून माणसांना दाराबाहेर ठेवलं गेलं, हे मराठवाड्यात आम्ही वेगळं सांगायची गरज नाही.

आता मोटार वाहन कायदा १९८८ उघडा. कलम ३ म्हणतं, वैध परवान्याशिवाय कोणत्याही 'व्यक्तीने' सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवू नये. 'नागरिकाने' असं म्हटलेलं नाही. कलम ९ परवान्याच्या अर्जाबद्दल आहे, तिथेही 'कोणतीही व्यक्ती'. आपल्या राज्यघटनेतही हा फरक जाणूनबुजून ठेवला आहे: कलम १४ मधली समानता प्रत्येक व्यक्तीला, कलम १९ मधली स्वातंत्र्यं नागरिकाला. परवाना 'व्यक्ती'च्या बाजूला पडला. त्यामुळे गावात फिरणारे दोन समज एकदम खोटे ठरतात. परदेशी माणसाला इथला परवाना लागतच नाही, हा एक. आणि परदेशी माणसाला इथला परवाना मिळतच नाही, हा दुसरा. दोन्ही आम्ही चहाच्या टपरीवर तितक्याच ठामपणे ऐकले आहेत.

मग पर्यटक कसा चालवतो? त्याच्यामागे १९४९ चा जिनेव्हाचा रस्ते वाहतूक करार आहे. भारत त्यात सामील आहे. कराराची कल्पना साधी: ज्याने आपल्या देशात कौशल्य सिद्ध केलं आहे, त्याची परीक्षा प्रत्येक सरहद्दीवर पुन्हा घ्यायची नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, बोलीभाषेत 'इंटरनॅशनल'. तो माणसाने आपल्याच देशातून घेऊन यायचा असतो. इथे आल्यावर इथल्या आरटीओकडे मागून तो मिळणार नाही, कारण आपली आरटीओ आपल्या परवानाधारकांना देते, परदेशात जाण्यासाठी. आणि तो मूळ परवान्यासोबतच चालतो. खरं तर तो मूळ परवान्याचा अनुवाद आहे. मूळ परवाना अरबीत असेल तर सिडको चौकातल्या हवालदाराने तो वाचायचा कसा? अनुवाद हवाच. पण नुसता अनुवाद दाखवून मूळ ग्रंथ घरी ठेवला, तर काय उपयोग?

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते वर्गात. म्हणजे वाहनाच्या वर्गात. त्या पुस्तिकेत 'अ' म्हणजे दुचाकी, 'ब' म्हणजे मोटार, आणि ज्या वर्गासमोर शिक्का तेवढंच वाहन. समजा शेंद्र्याला आलेला एक जर्मन अभियंता वीस वर्षं मोटार चालवतोय. त्याच्या पुस्तिकेत 'ब' वर शिक्का आहे, 'अ' कोरा. तो इथे ॲक्टिव्हावर बसला की कायद्याच्या नजरेत बिनपरवाना चालक आहे. "एवढीशी स्कूटर!" असं त्याला वाटणं स्वाभाविक आहे. जर्मनीत कारच्या परवान्यावर पन्नास सीसीची छोटी दुचाकी चालते. शिवाय वयाची नि अनुभवाची अट पाळून, थोडं प्रशिक्षण घेतलं तर १२५ सीसीपर्यंतही मुभा मिळते. पण ही १२५ ची मुभा जर्मनीच्या हद्दीपुरतीच आहे, ती विमानात बसत नाही. उलट आपल्याकडे दुचाकीतही विना गिअर आणि गिअरची असे दोन वर्ग. नुसत्या स्कूटरवर परीक्षा दिली असेल तर पल्सर चालवता येत नाही, मग तुम्ही जर्मन असा नाहीतर जालन्याचे!

आता गाभ्याचा प्रश्न. पाहुण्याला ही सवलत कुठपर्यंत? जिनेव्हा करार म्हणतो, देशात सलग एक वर्षापेक्षा जास्त राहिलेल्या चालकाला ती द्यायला कोणतंही राष्ट्र बांधील नाही. १९६८ च्या व्हिएन्ना करारात तर दिवसांचा हिशेबच नाही. माणसाने आपला नेहमीचा निवास या देशात हलवला असेल, तर त्याचा जुना परवाना मानायची सक्ती नाही. आणि आपलं कलम ९ सांगतं, माणूस जिथे 'सामान्यतः राहतो' त्या राज्यातल्या परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करावा.

'सामान्यतः राहतो' म्हणजे किती दिवस? ग्रीकांचं ढिगाऱ्याचं कोडं तुम्हाला आठवत असेल. एक दाणा म्हणजे ढीग नाही, दोन म्हणजेही नाही, मग कितव्या दाण्याला ढीग झाला? पाहुण्याचंही तसंच आहे. कायद्याने वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे दाणे मोजले आहेत. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर बहुतेक परदेशी नागरिकांना आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते. आधार कायद्यात, आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस राहिलेला तो रहिवासी. करारात एक वर्ष. पण परवान्याच्या कलमात आकडाच नाही. मग हेतू बघायचा. चार दिवस वेरूळ, दौलताबाद बघून जाणारा पाहुणा आहे, यात वाद नाही. तीन वर्षांच्या पीएचडीला आलेला, भाडेकरार केलेला, गॅस घेतलेला मुलगा मात्र आल्यापासूनच रहिवासी आहे, असं आमचं मत. त्याने वर्ष भरायची वाट बघू नये. आल्या आल्या शिकाऊ परवान्याला अर्ज करावा. पासपोर्ट, व्हिसा, नोंदणीचा कागद, पत्त्याचा पुरावा घेऊन जावं. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, तो मिळून तीस दिवस झाले की पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. कागद कमी-जास्त म्हणून एखादी खेप जास्त होईल. पण ती तर आपल्यालाही होते.

एवढा आटापिटा कशासाठी, असं कुणी विचारेल. बिनपरवाना चालवण्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचशेवरून पाच हजार झाला, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. हे लोकांना ठाऊक असतं. जे ठाऊक नसतं ते असं, की कलम १८० प्रमाणे गाडी देणाऱ्या मालकालाही तेवढीच शिक्षा आहे. "माझी स्कूटर घेऊन जा" म्हणणारा मित्र त्यात येतो. आणि खरी गोष्ट दंडाची नाहीच. समजा गजानन महाराज मंदिराच्या चौकात कुणा म्हाताऱ्याला धक्का बसला. २००४ च्या स्वर्ण सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्ग दाखवला: विमा कंपनीने जखमीला भरपाई द्यावी, आणि मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे बिनपरवाना माणसाच्या हाती गाडी दिली असेल तर ती रक्कम मालकाकडून वसूल करावी. म्हणजे म्हाताऱ्याचं नुकसान भरून निघतं, हे न्याय्यच. पण मग लाखांची वसुली त्या भल्या मित्राच्या दारात येते, आणि तोवर परदेशी पाहुणा कदाचित मायदेशी गेलेला असतो. पाहुणा स्वतः जखमी झाला तर त्याच्या प्रवास विम्यातही बहुधा वैध परवान्याची अट असते. ते बारीक अक्षर विमानात बसण्याआधी वाचलेलं बरं.

गोव्यात हे रोज घडतं. तिथे भाड्याने द्यायच्या अधिकृत दुचाकीला काळी पाटी, पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खासगी स्कूटर स्वस्तात मिळते, पण ती भाड्याने देणंच नियमाबाहेर असतं. त्यामुळे भाडेकऱ्याचा परवाना चोख असला तरी विम्याचा घोळ उरतोच. हेल्मेट कलम १२९ प्रमाणे मागे बसणाऱ्यालाही लागतं, परदेशी असो की देशी.

ज्याला यातलं काहीच नको, त्याला एक वाट आहे. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी, वजनाला हलकी बॅटरीची दुचाकी नियमात 'मोटार वाहन' धरली जात नाही. तिला परवाना लागत नाही. विद्यापीठाच्या आवारातून औरंगपुऱ्यापर्यंत जायला ती पुरे. फक्त दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, गाडीचा मान्यतेचा कागद बघा.

शेवटी आपली मुलं. एमएच-२० ची गाडी चालवून मोठा झालेला गारखेड्याचा मुलगा श्टुटगार्टला शिकायला जातो, तेव्हा तो तिकडचा येमेनी विद्यार्थी असतो. निघण्याआधी आरटीओतून इंटरनॅशनल घ्यावं, ते फार तर एक वर्ष चालतं. तिकडे असताना मुदत संपली तर २०२१ पासून भारतीय दूतावासामार्फत नव्यासाठी अर्ज करता येतो. पण जर्मनीने ढिगाऱ्याचं कोडं आपल्यासारखं मोकळं सोडलेलं नाही. तिथे राहायला गेल्यापासून सहा महिने भारतीय परवाना चालतो, पुढे नाही. मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी परीक्षा जर्मनशिवाय बारा भाषांत देता येते. त्यांत अरबी आहे, तुर्की आहे, हिंदी-मराठी नाही. आपल्या मुलाने इंग्रजी घ्यावी.