बँकॉकच्या पाट्या

बँकॉकच्या विमानतळाचे नाव ‘सुवर्णभूमी’ आहे. ध्वनिक्षेपकावर मात्र कानी येते ते ‘सुवन्नफूम’. घरचेच माणूस परक्या वेशात समोर यावे, तसा हा शब्द मला भेटला आणि पुढचे चार दिवस अशा भेटी होतच राहिल्या.

दिवाळीच्या आदल्या दिवशी राजवाड्यापाशी उसळणारी गर्दी हा आम्हां इंदूरकरांना गर्दीचा कळस वाटतो. तो अभिमान पहिल्याच दिवशी ओसरला. खाली मोटारींची न संपणारी रांग, तिच्या फटींतून गिऱ्हाइकाला मागे बसवून निसटणारे नारिंगी जाकिटातले मोटारसायकलवाले आणि डोक्यावर १९९९ पासून धावणारी उन्नत रेल्वे. इतकी वाहने असूनही भोंगे क्वचितच वाजतात. आमच्या कानांना प्रथम चुकल्याचुकल्यासारखेच झाले! पाण्यावरही तीच लगबग. सेन सेप कालव्यातली नाव धक्क्याला टेकते न टेकते तोच माणसे आत उड्या घेतात. शेजारून दुसरी नाव गेली, की कडेच्या उतारूने दोरी ओढून ताडपत्री वर करायची असते. ती दोरी नेमकी आमच्या सौ.च्या वाट्याला आली. तिने ती जरा उशिरा ओढली, याहून अधिक येथे लिहीत नाही.

पण मला वेड लावले ते शब्दांनी. शिक्षकाला तेथे ‘ख्रू’ म्हणतात, म्हणजे आपला गुरू. स्थानक ते ‘सथानी’, नगर ते ‘नखोन’. सोमवार हा ‘चन’चा वार, म्हणजे चंद्राचा. दूरध्वनीला ‘थोरसप’ म्हणतात, त्यात ‘दूर’ आणि ‘शब्द’ दडलेले आहेत. गंमत अशी की उच्चार नुसता ‘सप’ असला, तरी लिहिताना ‘शब्द’ या शब्दातला ‘द’ थाई माणूस गाळीत नाही. हे अक्षर आता मुके आहे, असे सांगणारी एक लहानशी खूण तो त्याच्या डोक्यावर ठेवतो. जिभेने सोडलेला वारसा लेखणीने असा जपलेला पाहून मला, मराठी शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला, काय वाटले असेल ते वाचकांनीच ताडावे.

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही याओवरात या चिनी वस्तीच्या रस्त्यावर गेलो. याओवरात म्हणजे युवराज. आपल्या सराफ्याची आठवण व्हावी, असा हा रस्ता! दोन्ही बाजूंना सोन्याच्या पेढ्या आणि दिवस मावळला, की त्यांच्यासमोर खाण्याच्या गाड्या. भुट्ट्याचा कीस आणि गराडू मात्र नव्हते. १७८२ मध्ये पहिल्या राम राजाने नदीच्या पूर्वतीरावर राजधानी वसवली, तेव्हा राजवाड्याच्या जागेवर राहणाऱ्या चिनी व्यापाऱ्यांना तेथून हलवून या बाजूला, सांपेंगला, जागा दिली. म्हणजे आपली घराणी होळकरांच्या आश्रयाने माळव्यात रुजत होती, साधारण त्याच काळाच्या मागेपुढे ही माणसे येथे रुजली. पुढे त्यांनी थाई नावे घेतली, थाई आडनावे लावली. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारने चिनी शाळांवर कडक निर्बंध घातले आणि कित्येक शाळा बंद पडल्या.

आमची मार्गदर्शिका याच वस्तीतली, पंचविशीची मुलगी. एका दुकानापुढे थांबून ती इंग्रजीत म्हणाली, “हे माझ्या आजोबांचे.” वर लाल पाटीवर सोनेरी चिनी अक्षरे होती. काय लिहिले आहे, असे मी सहज विचारले. ती ओशाळली. “मला वाचता येत नाही. आजोबांचे नाव असावे.”

मग तिने आमच्या धाकटीला विचारले, “तुला तुमची भाषा वाचता येते?”

“येते ना, अगदी भरभर,” धाकटी म्हणाली.

ती खोटे बोलत नव्हती. शाळेतली हिंदी देवनागरीत आणि घरची मराठीही देवनागरीत. त्यामुळे आपल्या मुलांचे वाचणे कधी अडत नाही आणि म्हणूनच काय निसटते आहे, ते आपल्याही ध्यानात येत नाही. त्या चिनी मुलीला निदान ती पाटी रोज सांगत असते. गेल्या वर्षी धाकटीने एक जुने पत्र मला वाचून दाखवले होते. माझ्या वडिलांनी विद्यार्थिदशेत आपल्या मामांना लिहिलेले. ‘काल शाळेत मला शिक्षा झाली’ हे वाक्य तिने एकही अक्षर न चुकता वाचले आणि विचारले, “बाबा, शाळेत शिक्षा तर रोजच होते, मग आजोबांनी ते मुद्दाम का कळवले?” शिक्षा म्हणजे छडी, हे मी हसत हसत सांगितले आणि आम्ही दोघे पुष्कळ वेळ हसलो.

त्या लाल पाटीखाली मला ते हसणे आठवले. धाकटी मात्र तिच्या आईला हाक मारीत पुढे गेली होती. पिवळ्या कापडावर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेले असले, की पदार्थ शुद्ध शाकाहारी, त्यात कांदा-लसूणसुद्धा नाही, असे मार्गदर्शिकेने दुपारीच शिकवले होते. ते एकच थाई अक्षरचिन्ह आम्हां तिघांना आता ओळखता येत होते आणि सौ. गर्दीतून तेच शोधीत निघाली होती.