सिंदूरगिरीचा चढ

दिवाळी झाली की नागपुरात रविवारी पहाटे पाचच्या सुमारास झिरो माइलपाशी सायकलींचे लाल दिवे लुकलुकू लागतात. तिथल्या चार घोड्यांशेजारी जो दगडी खांब आहे, त्यावर जुन्या मैलांचे आकडे कोरले आहेत: सिवनी 79, जबलपूर 170. आपल्याला एवढं लांब जायचं नसतं. सिवनीच्या दिशेनं निघायचं, मनसरला उजवीकडे वळायचं, रामटेकचा गड चढायचा आणि दुपारच्या जेवणाला घरी. जाताना पन्नासेक किलोमीटर, येताना तेवढेच. नागपुरात नवी सायकल घेतलेल्या माणसाला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोणीतरी विचारतंच, ‘रामटेक केलं का?’

गाडीनं मी हा रस्ता लहानपणापासून पाहत आले. त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेला, शाळेच्या सहलीला, पाहुणे आले की त्यांना घेऊन. पण तो मला कळला सायकलवर. गाडीतून सपाट दिसणारा रस्ता सपाट नसतो, हे मांड्यांना आधी समजतं आणि डोळ्यांना नंतर. नाल्याच्या पुलाकडे तो हलकेच उतरतो, पलीकडे तितकाच चढतो, आणि ज्या चढाची गाडीला गिअर बदलण्याइतकीही दखल घ्यावी लागत नाही त्यावर आपला श्वास बदलतो. हिवाळ्यात वारा बहुधा उत्तरेकडून, ईशान्येकडून येतो. म्हणजे जाताना तो समोरून लागणार आणि परतताना पाठीशी राहणार. हा हिशेब नवख्यांना आधी सांगून ठेवलेला बरा, नाहीतर कन्हानच्या पुढे माणूस स्वतःच्या तब्येतीवर शंका घ्यायला लागतो.

या पन्नास किलोमीटरांत पायाखालची जमीन किमान दोनदा बदलते. मला या रस्त्याचं खरं वेड लागलं ते त्यामुळे. सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स दख्खनच्या लाव्ह्याच्या. सह्याद्रीपासून पसरत आलेलं बेसाल्टचं काळं पठार साधारण नागपुरापाशी संपतं. कामठीकडे निघालं की वाळूच्या दगडाची, पोटात कोळसा असलेली जमीन सुरू होते. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत या खडकांच्या एका गटाला कामठीचंच नाव आहे. आणि मनसरच्या आसपास त्याहून फार जुने, उष्णतेनं आणि दाबानं पार बदलून गेलेले खडक वर येतात, ज्यांत मँगनीज सापडतं. नागपूरच्या या दगडांचा अभ्यास पहिल्यांदा नेटानं केला तो स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्यानं. हिस्लॉप कॉलेजला नाव त्याचंच. 1863 मध्ये टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना ओढ्याच्या पुरात तो वाहून गेला. घोड्याची चाल आणि सायकलीची चाल यांत फारसं अंतर नाही. त्याला हे दगड दिसले असतील ते अशाच वेगात, असं मला नेहमी वाटतं.

कामठी साधारण सोळा किलोमीटरवर. इंग्रजांनी सीताबर्डीची लढाई 1817 मध्ये जिंकली आणि 1821 मध्ये कन्हान नदीच्या काठी छावणी वसवली, तिथून हे गाव वाढलं. छावणीचे रुंद रस्ते आणि जुनी झाडं अजून आहेत. पहाटे या सावलीत गारवा इतका साचलेला असतो की बोटं ब्रेकवर आखडतात. ड्रॅगन पॅलेस या बौद्ध मंदिराची पांढरी इमारत त्या उजेडात फार शांत दिसते. थोडं थांबावंसं वाटतं, पण चहा पुढे कन्हानला घ्यायचा असतो.

कन्हानचा पूल आला की धुकं. नदीवर ते चादरीसारखं पसरतं आणि पुलावर दहा-पंधरा फुटांपलीकडे काही दिसत नाही. इथे पुढचा-मागचा दिवा, चमकणारं जाकीट यांना पर्याय नाही. नदीपलीकडे कोळशाच्या खाणी आहेत आणि त्यांचे ट्रक दिवसरात्र चालतात. रस्त्याच्या कडेची पांढऱ्या पट्टीबाहेरची जागा सायकलवाल्याच्या हक्काची. पण तिथे वाळू, काचा, फाटलेल्या टायरच्या तारा. माझी सर्वाधिक पंक्चरं याच टप्प्यात झाली आहेत. कडेची ही दीड-दोन फुटांची पट्टी कोणी नियमानं झाडली, तर सकाळी दूध घेऊन जाणारे, शाळेत जाणाऱ्या मुली आणि खाणीतल्या पाळीला निघालेले कामगार, सगळेच सुखरूप जातील. या रस्त्यावर आमच्यापेक्षा त्यांच्या सायकली कितीतरी जास्त आहेत, आणि त्यांच्याकडे हेल्मेट नसतं.

कन्हानला तर्री पोहे खावेत. पोह्यांवर हरभऱ्याची लाल झणझणीत तर्री, वरून कांदा आणि लिंबू. व्यायामाच्या पुस्तकांत काहीही लिहिलेलं असो, या थंडीत चढाआधी याहून चांगलं इंधन मला माहीत नाही. एकदा टपरीवर शेकोटीशी बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, ‘कुठून येऊन राहिल्या ताई?’ नागपूरहून, म्हटलं. ‘सायकलनं? कायले एवढा तरास घेता जी?’ मग माझं उत्तर यायच्या आधीच त्यांनी त्यांच्या तरुणपणाची गोष्ट सुरू केली. रामटेकच्या जत्रेला ते दोन मित्रांना घेऊन एकाच सायकलीवर गेले होते, एक दांडीवर, एक कॅरिअरवर. चढावर तिघं उतरायचे, उतारावर तिघं बसायचे. चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

पुढे रस्ता मोकळा होतो. शेतं बदलतात, हेही लक्ष ठेवून पाहण्यासारखं आहे. नागपूरच्या पश्चिमेला काटोल-नरखेडकडे कापूस आणि संत्रा, तर इकडे रामटेक तालुक्यात धान. बांध्यांमध्ये नोव्हेंबरात कापलेल्या धानाचे खुंट आणि त्यांचा ओलसर, गोडसर वास. जगातल्या सायकलवाल्यांना स्पेनच्या व्हॅलेन्सिया प्रदेशाची फार ओढ असते. युरोपातले संघ हिवाळ्यात तिथे सरावाला जातात, कारण समुद्रालगतच्या संत्र्यांच्या बागांतून सपाटीवर पाय मोकळे करता येतात आणि थोड्याच वेळात कोल दे रातेससारखा डोंगरी रस्ता सुरू होतो. आपल्याकडे समुद्र नाही आणि आपला संत्राही त्यांच्याहून वेगळ्या जातीचा, सैल सालीचा. पण सपाटी आणि टेकड्या एकाच सकाळी देणारी जमीन नागपूरच्या वाट्यालाही आली आहे. आणि व्हॅलेन्सियात कन्हानचे पोहे मिळत नाहीत.

या सपाटीनं मोठे सायकलपटू घडवले. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये अमेरिका पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ एकट्यानं पूर्ण केली आणि 2018 मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजार किलोमीटरहून लांब शर्यत. त्याखेरीज ‘ब्रेव्हे’ नावाचा प्रकार शहरात चांगला रुजला आहे. यात कोणी पहिलं येत नाही. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत, 600 चाळीस तासांत, एवढीच अट. एकाच हंगामात या चारही पूर्ण करणाऱ्याला ‘सुपर रँडोनिअर’ म्हणतात. डॉक्टर, बँकेतले लोक, शिक्षिका, पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ असे सगळे त्यात दिसतात. त्यातल्या पुष्कळांनी आयुष्यातली पहिली शंभरी रामटेकलाच मारलेली असते.

मनसर येतं तसे डावी-उजवीकडे उंचवटे दिसू लागतात. इथल्या मातीत आणि रस्त्याकडेच्या खड्यांत काळसर झाक आहे, ती मँगनीजची. मध्य प्रांतात मँगनीज शोधण्यासाठी इंग्रज कंपनी आली 1896 मध्ये. आज मनसर आणि कांद्री इथल्या खाणी सरकारी मॉइल कंपनीकडे आहेत, जिचं मुख्यालय नागपुरात आहे. पोलाद कडक करायला मँगनीज लागतं. आपल्या सायकलीच्या साखळीतही ते थोडं असतंच. त्याच मनसरला 1998 पासून झालेल्या उत्खननात टेकडीवर विटांच्या भव्य बांधकामाचे थर निघाले. हे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या प्रवरपुराचे अवशेष असावेत, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे, तर काहींना त्यात बौद्ध स्थळ दिसतं. खाणीच्या इतक्या जवळ पंधरा-सोळाशे वर्षांच्या विटा टिकून राहिल्या, हे पाहताना माझा जीव वरखाली होतो.

ज्यांना शंभराच्या पुढे जायचं असतं ते मनसरला वळत नाहीत, सरळ खवासाकडे निघतात. हा रस्ता पेंचच्या जंगलातून जातो आणि इथे जनावरांना महामार्गाखालून जाण्यासाठी नऊ मार्ग बांधले आहेत, त्यातला सर्वांत लांब 750 मीटरचा. पट्टेदार वाघासकट अनेक प्राणी ते वापरतात, हे कॅमेऱ्यांनी टिपलं आहे. वरून आपण पेडल मारत असतो आणि खाली कदाचित सांबर उभं असतं. तिथून जाताना आपोआप बोलणं थांबतं.

आपण मात्र उजवीकडे वळू. सात-आठ किलोमीटरांवर रामटेक, आणि समोर गड. यादवकाळातल्या, तेराव्या शतकाच्या शिलालेखात या डोंगराला सिंदूरगिरी म्हटलं आहे. फोडलेल्या कड्यांतून तांबूस दगड दिसतो, त्यात अभ्रकाचे कण सकाळच्या उन्हात चमकतात, आणि नाव पटतं. चढ लांबीला लहानच आहे, पण पन्नास किलोमीटरांनंतर येतो आणि वळणावर अचानक उभा होतो. मी सर्वांत हलका गिअर टाकते आणि पुढच्या चाकाच्या दोन फूट पुढे पाहत राहते. वर पाहिलं की पाय हार मानतात. वानरं कठड्यावर बसून बघत असतात. खिशातलं केळं त्यांना दिसू देऊ नये.

वर वराह दरवाजा, सिंहपूर दरवाजा, भैरव दरवाजा, गोकुळ दरवाजा, मग लक्ष्मण आणि राम यांची मंदिरं. बाहेरच्या बाजूला केवल-नरसिंह आणि रुद्र-नरसिंह ही वाकाटकांच्या काळातली दोन लहान, जाडजूड देवळं आहेत. बहुतेक यात्रेकरू तिथे थांबत नाहीत. मी सर्वांत जास्त वेळ तिथेच घालवते. पाचव्या शतकातलं देऊळ महाराष्ट्रात असं उभं आणि पूजेत क्वचितच भेटतं. चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरी आली, तरुण वयात विधवा झाली आणि मुलं लहान असताना तिनं राज्य चालवलं. तिचा एक ताम्रपट रामगिरीच्या स्वामींच्या पायाशी बसून दिलेला आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी म्हणजे हेच रामटेक असं मांडलं, त्यामागे हाही एक मोठा पुरावा होता. छत्तीसगडमधल्या रामगढचाही त्यावर दावा आहे. पण यक्षाच्या ढगाची वाट उत्तरेला नर्मदेकडे जाते, आणि गडावरून पाहिलं तर सिवनी-जबलपूरचा रस्ताही तिकडेच जाताना दिसतो. सायकलवाल्याचं मत विद्वानांत धरलं जात नाही, तरी मी मिराशींच्या बाजूनं आहे.

पलीकडच्या अंगाला खिंडसी तलाव पसरलेला, आणि त्याच्या कडेनं धावडा, तेंदू, पळसाचं मिश्र रान. गडाच्या पायथ्याशी अंबाळ्याचा तलाव, काठावर देवळं आणि घाट. रामटेकच्या आसपासच्या तळ्यांत शिंगाडे लावतात. हिवाळ्यात ढीमर बायका उकडलेले शिंगाडे टोपलीत घेऊन बसतात. काळ्या शिंगांची साल दातांनी फोडायची आणि आतला पिठूळ, किंचित गोड गर खायचा. रामटेकचं कपुरी पानही प्रसिद्ध, पण पानमळे आता पूर्वीइतके नाहीत.

परतताना शक्य असेल तर आला तो रस्ता घेऊ नये. नगरधनवरून आतल्या रस्त्यांनी मौद्याकडे उतरावं आणि भंडारा रोडनं शहरात शिरावं. थोडं अंतर वाढतं, पण ट्रक कमी. नगरधन म्हणजे वाकाटकांचं नंदिवर्धन. आज तिथे दिसणारा कोट भोसल्यांच्या काळातला, आणि आत जमिनीखाली उतरून जावं लागतं असं देवीचं ठिकाण. अलीकडच्या उत्खननात याच गावात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. बोटाएवढी वस्तू, पण त्यामुळे ताम्रपटांतली राणी एका गावाच्या पत्त्यावर आली. कोटाच्या सावलीत विहिरीचं पाणी बाटलीत भरून घ्यायचं, शिंगाडे उरले असतील तर संपवायचे.

मार्चनंतर हा रस्ता पहाटे चारला सुरू करून नऊच्या आत संपवावा. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि डांबर चाकाला धरून ठेवतं. पावसाळ्यात आषाढात एकदा तरी गडावर जावं, मात्र उतारावर शेवाळ असतं, ब्रेक हळू दाबावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगला काळ. नगरधननंतर वारा पाठीशी येतो, बांध्यांवर बगळे बसलेले असतात, आणि कोणी न सांगता सगळ्यांच्या सायकली जड गिअरवर जातात.