भरपाई आणि तारीख

कामावर जखमी झालेल्या मजुराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या चरितार्थाची तरतूद व्हावी, ही मागणी महाराष्ट्राला नवी नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी फॅक्टरी कमिशनपुढे जे निवेदन ठेवले, त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर ही मागणीही होती. त्या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांची नावे होती. ती मागणी कायद्यात उतरायला १९२३ साल उजाडावे लागले, आणि कामगार नुकसानभरपाईचा तो कायदा प्रत्यक्ष अमलात आला १ जुलै १९२४ रोजी. म्हणजे मागणी आणि कायदा यांच्यामध्ये चाळीस वर्षे गेली. कायदा आणि पैसा यांच्यामध्ये किती वर्षे जातात, हा प्रश्न मात्र शंभर वर्षांनंतरही शिल्लक आहे.

तो प्रश्न मुंबईपेक्षा टेंभुर्णीसारख्या गावातून अधिक स्पष्ट दिसतो. उजनी धरणाच्या पाण्याने या भागात ऊस आला, उसामागून साखर कारखाने आले, पुणे-सोलापूर महामार्गामुळे वाहतूक वाढली, औद्योगिक वसाहत उभी राहिली. गाव अर्धे शेतीचे आणि अर्धे यंत्राचे झाले. यंत्र आले की अपघात आलाच. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांमध्ये सापडलेला ऊसतोड मजूर, मळीच्या टाकीत उतरलेला रोजंदार, यंत्राच्या पट्ट्यात हात गेलेला कामगार, रात्री महामार्गावर उभ्या मालमोटारीचे चाक बदलताना चिरडलेला क्लीनर : असे अपघात अशा प्रत्येक गावाच्या नशिबी असतात. वर्तमानपत्रात त्यांना चार ओळी मिळतात. त्यापुढची हकिगत कोणी छापत नाही, कारण ती हकिगत म्हणजे नुसत्या तारखांची यादी असते.

कायदा तसा उदार होता. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज मजुराला नव्हती. अपघात नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झाला, एवढे दाखवणे पुरे असे. भरपाईचे गणितही ठरलेले होते : मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम, कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास साठ टक्के, आणि तिला वयानुसार परिशिष्टात दिलेल्या गुणकाने गुणायचे. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८. हिशेबात धरावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा जानेवारी २०२० पासून पंधरा हजार रुपये होती, म्हणजे त्या वेतनाचा तीस वर्षांचा माणूस मृत्यू पावला तर त्याच्या कुटुंबाला १५,५९,८५० रुपये देय होत. अंगठा गेला तर कमावण्याची शक्ती तीस टक्के गेली आणि एका हाताची चारही बोटे गेली तर पन्नास टक्के गेली, इतके बारकाईने परिशिष्टात लिहून ठेवलेले होते. अंगठ्याची किंमत टक्क्यांत करणे मनाला क्रूर वाटते खरे. पण ती टक्केवारी मजुराच्या सोयीची होती, कारण जे आधीच ठरले आहे त्यावर वाद घालायला वेळ लागू नये.

आणि तरीही वेळ लागे. तो कोठे लागे, हे पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात काही ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीश, तर काही ठिकाणी वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश हेच भरपाईचे आयुक्त म्हणून काम पाहत आले. अर्ज दाखल झाला की पहिली तारीख पडते ती समन्सची. मालक कोण, हाच येथे पहिला वाद. कारखाना म्हणतो, मजूर आमचा नव्हे, तोडणी-वाहतूक कंत्राटदाराचा. कंत्राटदार मुकादमाकडे बोट दाखवतो. आणि मुकादम हंगाम संपताच बीडकडे निघून गेलेला असतो, म्हणून समन्स न बजावता परत येते. कंत्राटदाराच्या मजुराबाबतही मूळ मालक जबाबदार असल्याचे कायद्याने १९२३ सालीच सांगितले होते. पण सांगितलेली गोष्ट प्रत्येक दाव्यात नव्याने सिद्ध करावी लागते. मग विमा कंपनी येते आणि कैफियत देण्यास मुदत मागते. मग मुद्दे निघतात. त्यानंतर पुरावा, आणि पुराव्यात सर्वांत दुर्मिळ साक्षीदार म्हणजे डॉक्टर. अपंगत्वाचा दाखला देणारा डॉक्टर उलटतपासासाठी ज्या दिवशी मोकळा असेल त्या दिवशी न्यायाधीश मोकळे असतील आणि दोन्ही वकील हजर असतील, असा योग वर्षातून कितीदा यावा?

या सगळ्याची जाणीव कायदेमंडळाला नव्हती असे नाही. २००९ च्या दुरुस्तीने, जी १८ जानेवारी २०१० पासून लागू झाली, आयुक्ताने भरपाईचे प्रकरण तीन महिन्यांत निकाली काढावे असे कायद्यातच लिहिले. नव्वद दिवस! टेंभुर्णीच्या विधवेला हे कलम वाचून दाखवावे आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहावे. मुदत पाळली गेली नाही तर काय, याचे उत्तर त्या कलमात नव्हते, आणि ज्या मुदतीमागे परिणाम नाही ती मुदत म्हणजे सदिच्छा.

या जिल्ह्याला लागून असलेल्या धाराशिवचे एक प्रकरण या दृष्टीने प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. २२ एप्रिल २००३ रोजी एका साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीसाठी घरून निघाला आणि कारखाना सुमारे पाच किलोमीटर राहिला असताना रस्त्यावरच्या अपघातात मरण पावला. मागे पत्नी, चार मुले आणि आई. उस्मानाबादच्या आयुक्तांनी २६ जून २००९ रोजी ३,२६,१४० रुपये व्याजासह मंजूर केले. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. कामावर जाण्याच्या वाटेवरचा अपघात हा नोकरीच्या ओघातला नव्हे, असे त्याचे मत पडले. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी आयुक्तांचा निर्णय पुन्हा उभा केला. घर ते कामाचे ठिकाण या प्रवासाचा वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध प्रस्थापित होत असेल तर तोही अपघात भरपाईस पात्र आहे, असा अर्थ न्यायालयाने लावला. पाळीवर जाणाऱ्या लाखो लोकांसाठी हा निकाल मोलाचा आहे. पण दोन तारखांतले अंतर मोजा. बावीस वर्षे. बापाच्या मृत्यूच्या वेळी जे मूल शाळेत जाण्याच्या वयाचे नव्हते, ते या काळात मिळवते झाले असेल. भरपाई ज्या बालपणासाठी होती ते बालपण तिच्याशिवायच संपले.

येथे कोणी म्हणेल की व्याज मिळतेच. मिळते. बारा टक्के सरळ व्याज बावीस वर्षांचे धरले तर ते मुद्दलाच्या अडीचपटीहून अधिक होते. परंतु व्याज सावकाराला पुरते, भुकेला पुरत नाही. शिवाय भरपाई मोजली जाते अपघाताच्या दिवशीच्या वेतनावर आणि त्या दिवशीच्या मर्यादेवर, म्हणून मधल्या काळातली महागाई दावेदाराच्या अंगावर पडते.

वस्तुतः पैसे केव्हा देय होतात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्येच सोडवला होता. ओरिसातील एका चित्रपटगृहात सजावटीचे काम करताना एका सुताराचा डावा हात गेला. सुताराच्या दृष्टीने ही शंभर टक्के हानी आहे हे न्यायालयाने मान्य केले आणि पुढे सांगितले की, मालकाची जबाबदारी उत्पन्न होते ती अपघाताच्याच दिवशी, आयुक्तांच्या निकालाच्या दिवशी नव्हे. याचा अर्थ मालकाने निकालाची वाट पाहत बसायचेच नाही. जेवढी जबाबदारी त्याला मान्य आहे तेवढी रक्कम त्याने तात्पुरती तरी ताबडतोब भरायची. कायद्यात ही तरतूद होती आणि एक महिन्यापलीकडे टाळाटाळ करणाऱ्याला पन्नास टक्क्यांपर्यंत दंडही होता. प्रत्यक्षात मालक पहिल्या महिन्यात काय करतो? तो कुटुंबाच्या हातात काही हजार रुपये ठेवतो आणि कागदावर अंगठा घेतो. मृत्यूच्या प्रकरणातली भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची, परस्पर दिलेला पैसा भरपाई म्हणून धरला जाणार नाही, हे कायद्याने स्वच्छ सांगितले होते. त्या घराला ते कोणी सांगितलेले नसते. ‘हंगाम संपू द्या, मग बघू’ या आश्वासनावर दोन वर्षांची दाव्याची मुदतही अनेकदा निघून जाई.

१९९५ च्या दुरुस्तीने दावेदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यातही अर्ज करण्याची मुभा दिली. बीडच्या ऊसतोड मजुराला त्यामुळे सोलापूरला येण्याची सक्ती उरली नाही. सवलत चांगलीच होती, पण तिने अंतर नाहीसे केले नाही, फक्त त्याची दिशा बदलली. दावा बीडला गेला तरी अपघात पाहणारे साक्षीदार, पंचनामा आणि उपचार केलेले रुग्णालय सोलापूर जिल्ह्यातच राहते.

आता तारखेच्या बातमीविषयी. टेंभुर्णीहून सोलापूर नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे. तारखेला जाणाऱ्याची एक दिवसाची मजुरी जाते, एसटीचे भाडे जाते, आणि अपंग माणूस असेल तर सोबत एक माणूस लागतो, म्हणजे दोन मजुऱ्या जातात. तेथे पोचल्यावर कळावे की साहेब आज रजेवर आहेत, किंवा समोरच्या वकिलांचा मुदतीचा अर्ज मंजूर झाला आहे. शिपाई पुढची तारीख एका चिठ्ठीवर लिहून देतो. अलीकडे न्यायालयांच्या संगणकीय व्यवस्थेमुळे सोळा अक्षर-अंकांच्या क्रमांकावरून प्रकरणाची पुढील तारीख घरबसल्या पाहता येते, आणि हे मोठे सुधारलेले पाऊल आहे. परंतु पडद्यावर दिसते ती नेमलेली तारीख. त्या दिवशी बोर्डावर काम खरोखर चालणार की नाही, ही बातमी दावेदाराला हवी असते, आणि ती आदल्या संध्याकाळी हवी असते. रेल्वे उशिरा धावत असेल तर कुर्डुवाडी स्थानकावर तसे सांगितले जाते. न्यायाधीशांची रजा ही त्याहून गुप्त बाब नसावी.

या बाबतीत गावच्या शिकलेल्या माणसांकडे पाहावे लागते. अपघातानंतर अर्ज लिहून देणारा बहुधा शाळेतला शिक्षक असतो, नाही तर पतसंस्थेतला कारकून, किंवा सुट्टीत घरी आलेला महाविद्यालयीन विद्यार्थी. अर्जावर दावेदाराचा स्वतःचा मोबाइल क्रमांक घालणे आणि प्रकरणाचा क्रमांक घरातल्या भिंतीवर लिहून ठेवणे इतके त्यांना सहज करता येईल. वकिलाच्या क्रमांकावर संदेश जातो आणि तेथेच राहतो, असे फार वेळा होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि १९२३ चा कायदा तिच्यात सामावला गेला. आयुक्ताच्या जागी आता ‘सक्षम प्राधिकारी’ हा शब्द आला आहे. घर ते काम या प्रवासातला अपघातही संहितेने नोकरीशी संबंध असल्यास स्पष्टपणे आत घेतला आहे, म्हणजे धाराशिवच्या त्या विधवेला ज्यासाठी झगडावे लागले ते पुढच्यांना कलमातच मिळेल. परंतु शब्द बदलल्याने फलक बदलत नाही, आणि जुन्या कायद्याखाली दाखल झालेली प्रकरणे तर तशीच उभी आहेत. सरकारला काही करावयाचे असेल तर नव्या व्यवस्थेची घडी बसते आहे तोच करावे. महिन्यातून ठराविक दोन दिवस भरपाईच्या प्रकरणांचे काम कुर्डुवाडीला किंवा माढ्याला चालवावे. डॉक्टरांची साक्ष त्यांच्या रुग्णालयातून दूरदृश्य पद्धतीने घ्यावी. मालकाने मान्य केलेली रक्कम पहिल्याच तारखेला जमा करून घ्यावी, आणि ती जमा झाल्याखेरीज त्याला कैफियतीसाठी मुदतवाढ देऊ नये. यातली शेवटची गोष्ट करायला नव्या इमारतीची गरज नाही, नव्या पदाचीही नाही. रोजनाम्यात एक ओळ लिहावी लागेल.