डोमेन बदललं आणि मोदक हरवले

(पॉडकास्टच्या एपिसोडचा हा लेखी मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते थोडं साफ केलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज पाहुणा कोणी नाही, मी एकटाच आहे. आणि आजचा विषय म्हणजे माझीच एक चूक.

२०२५ चा गणेशोत्सव आठवा. चतुर्थी २७ ऑगस्टला होती. तिच्या दोन दिवस आधी सांगलीहून माझ्या आतेबहिणीचा फोन आला. तिला मी ताईच म्हणतो. ती मराठी रेसिपीची वेबसाइट चालवते, चारेकशे रेसिपी आहेत, आणि जाहिरातींचे जे काही पैसे येतात त्यातून ती स्वतःची आरडी भरते. फोनवर नमस्कार नाही, काही नाही. थेट, "अरे, माझे मोदक कुठे गेले?"

दरवर्षी या आठवड्यात तिच्या उकडीच्या मोदकांच्या पानावर सगळ्यात जास्त गर्दी असते. त्या दिवशी गुगलवर ते पान सापडतच नव्हतं. आणि दहाएक दिवसांपूर्वी, १५ ऑगस्टच्या सलग सुट्टीत, तिची अख्खी साइट नव्या डोमेनवर हलवली होती मी. बीटेक, सहा वर्षं नोकरी, "ताई, एका रात्रीचं काम आहे" असं म्हणणारा मी.

डोमेन बदलायचं कारण साधं होतं. जुनं नाव तिच्या नावावर नव्हतंच. ज्या ओळखीच्या माणसाने साइट बनवून दिली, त्याने ते स्वतःच्या खात्यातून घेतलं होतं. दरवर्षी रिन्यूअलचा आकडा तो सांगेल तो. माणूस वाईट नव्हता, पण ताईला ते खटकत होतं. मी म्हटलं, नवं नाव घेऊ, विषय संपला. विषय तिथे संपत नाही हे मला नंतर कळलं.

आता गुगलच्या बाजूने बघा काय होतं. आपल्याला वाटतं गुगल "वेबसाइटला" नंबर देतो. प्रत्यक्षात त्याच्याकडे नोंद असते एकेका पानाची, म्हणजे एकेका यूआरएलची. या यूआरएलवर मोदकांची रेसिपी आहे, इतक्या ठिकाणांहून तिला लिंक आल्यात, अशी. डोमेन बदललं की त्या चारशे नोंदी एकदम जुन्या पत्त्यावरच्या होतात. मग जुना सर्व्हर विचारणाऱ्याला सांगतो, "ते पान कायमचं अमुक ठिकाणी गेलंय." हा निरोप म्हणजे ३०१ रीडायरेक्ट. तो नीट मिळाला तर गुगल जुन्या पानाची पत नव्याकडे सरकवतो. ३०२ म्हणजे "तात्पुरतं गेलंय." इथे एक गंमत आहे. अपाचे सर्व्हरमध्ये नुसतं रीडायरेक्ट लिहून पुढे कोड नाही दिला, तर ते ३०२ धरलं जातं. घाईत असाल तर हे एकदा तपासाच.

मी ३०१ च दिलं होतं. नियमही सुटसुटीत लिहिला होता: जुन्या डोमेनवर जो पत्ता मागितला, तोच पत्ता नव्या डोमेनवर उघड. आणि नव्या साइटवर तो पत्ता नसेल तर होमपेजवर पाठव, म्हणजे कोणाला ४०४ चं पान दिसायला नको. मला वाटलं, किती काळजी घेतली मी!

पण हीच काळजी नडली. मोदकांच्या जुन्या लिंकवरून आलेल्या माणसाला होमपेज दाखवलं, तर तो शोधत बसतो आणि निघून जातो. गुगलही तसंच बघतो. मागितलेल्या पानाशी काही संबंध नसलेलं पान समोर आलं की तो त्याला सॉफ्ट ४०४ समजतो. म्हणजे दिसायला पान आहे, पण खरं तर नाही. मग जुन्या पानाची पत कुठेच जात नाही. ताईची जवळपास निम्मी पानं अशी होमपेजवर जाऊन पडत होती आणि मला एकही एरर दिसत नव्हती.

पण निम्मी का? नवी साइट तर त्याच रेसिपींची होती, नावंही तीच. इथे खरी मजा आहे, आणि मराठीत साइट चालवणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकावं.

जुनी साइट वर्डप्रेसवर होती. रेसिपीचं नाव लिहिलं की वर्डप्रेस त्यातूनच यूआरएल बनवतो. देवनागरी अक्षर यूआरएलमध्ये जसंच्या तसं जात नाही. प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी तीन बाइटची, आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं अशी लिहिली जाते. म्हणजे तुमच्या एका 'क' ची जागा नऊ अक्षरांची. आणि वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये या नावाला जागा आहे फक्त दोनशे अक्षरांची. इंग्रजीत दोनशे म्हणजे भरपूर. मराठीत काना-मात्रा धरून जेमतेम बावीस. त्यापुढचं वर्डप्रेस गुपचूप कापून टाकतो.

ताईच्या रेसिपीचं नाव होतं "उकडीचे मोदक न फुटता कसे करायचे". मोजून बघा हवं तर. "करायचे" मधल्या 'कर' पर्यंत जागा पुरते, पुढचा काना बसत नाही. म्हणून जुना पत्ता होता उकडीचे-मोदक-न-फुटता-कसे-कर. नवी साइट मी वेगळ्या पद्धतीने बनवली होती, तिथे ही मर्यादा नव्हती, म्हणून तिथला पत्ता होता पूर्ण: कसे-करायचे. माणसाला दोन्ही एकच. सर्व्हरला दोन वेगळी पानं. नाही जुळलं, चला होमपेजवर. नाव जितकं लांब आणि प्रेमाने लिहिलेलं, तितकी रेसिपी हरवण्याची खात्री.

हे सापडल्यावर मला वाटलं जिंकलो. तरी तीसेक पानं उरलीच. पुऱ्या, कैऱ्या, कोथिंबिरीच्या हिरव्या मसाल्यातली सुऱ्यांसारखी कापलेली वांगी... (हे नाव तिचंच, मी काही बोलत नाही.) काय सारखं आहे यात? ऱ्या! मराठीतला हा 'ऱ्य' दोन प्रकारे टाईप होतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून. दुसरा, साधा 'र', त्याचा पाय मोडायचा आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकायचं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. आत बाइट वेगळे. ताईने दहा वर्षांत तीन फोन आणि दोन कीबोर्ड बदलले, त्यामुळे जुन्या पत्त्यांमध्ये दोन्ही प्रकार होते, आणि काही ठिकाणी ते जोडचिन्ह गळून नुसतं "पुर्या" उरलं होतं. नवी साइट बनवताना मी सगळ्या नावांची अक्षरं एकसारखी करून घेतली होती. चांगलं काम केलं म्हणून स्वतःची पाठ थोपटली होती हो!

मग उपाय? हुशारीचा नियम सोडून दिला आणि हमालीचं काम केलं. जुन्या वर्डप्रेसच्या डेटाबेसमधून प्रत्येक पोस्टचा नंबर आणि तिचा खरा, कापलेला पत्ता काढला. नव्या साइटवर प्रत्येक रेसिपीला तोच नंबर होता. नंबराला नंबर लावून दोन रकान्यांची यादी केली: जुना पत्ता, नवा पत्ता. नावावरून जुळवायचंच नाही. मग सर्च कन्सोलमधून लोक खरोखर कुठल्या पानांवर येत होते ती यादी उतरवली (तिथून एका वेळी हजार ओळीच मिळतात, ताईला तेवढ्या पुरल्या), जुना साइटमॅप घेतला, आणि एक छोटी स्क्रिप्ट लिहून प्रत्येक जुना पत्ता उघडून पाहिला. एकाच उडीत योग्य पानावर पोचतो का? मध्ये तीन-चार वळसे नकोत. ज्या जुन्या पानाला आता खरंच काही जोडीदार नाही, त्याला सरळ ४०४ द्यायचं. होमपेजवर ढकलायचं नाही.

ही स्क्रिप्ट चालवताना अजून एक भानगड दिसली. जुन्या डोमेनचं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेलं रूप उघडलं की ब्राउझर लाल इशारा देत होता. कारण? एसएसएल सर्टिफिकेट मी फक्त बिनडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूच्या नावासाठी घेतलं होतं. रीडायरेक्टचा निरोप मिळायच्या आधी सुरक्षित जोडणी व्हावी लागते, ती झाली नाही तर निरोप पोचतच नाही. आणि फेसबुकवर, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तिच्या कितीतरी लिंक तशाच होत्या. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, दहा मिनिटांचं काम. पण जुन्या डोमेनचंही सर्टिफिकेट चालू ठेवायचं असतं, हे डोक्यातच आलं नव्हतं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो, कारण त्यांत माझं नशीब बरं होतं. साइट बनत असताना लावलेला नोइंडेक्स काढलाय ना, बघा. कॅनॉनिकल टॅग अजून जुन्या डोमेनचं नाव सांगत नाही ना, बघा. आतल्या लिंक नव्या पत्त्यांच्या करा. जुन्या डोमेनला रोबोट्स फाइलमधून कधीही अडवू नका, गुगल आत शिरलाच नाही तर त्याला रीडायरेक्ट दिसणार कसं? नवं डोमेन घेण्याआधी वेबॅक मशीनवर बघा, आधी त्यावर जुगाराची साइट नव्हती ना. आणि सर्च कन्सोलमध्ये "चेंज ऑफ अॅड्रेस" म्हणून सोय आहे, ती वापरा. त्यासाठी जुनी आणि नवी दोन्ही साइट एकाच गुगल खात्यात मालक म्हणून लागतात. आमच्याकडे जुनी त्या माणसाच्या ईमेलवर होती. त्याला दोन फोन केले, एकदा चहा पाजला, त्याने ताईला मालक म्हणून जोडून घेतलं.

सगळं दुरुस्त झालं तेव्हा अनंत चतुर्दशी होऊन गेली होती. त्या वर्षीचे मोदक गेले ते गेलेच. ताईला मी ते स्पष्ट सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "दिवाळीचं बघ आता."

इथून पुढे थांबायचं असतं, आणि हे सगळ्यात अवघड. मध्यम आकाराच्या साइटची बहुतेक पानं हलायला काही आठवडे लागतात, असं गुगल स्वतःच सांगतो. त्या आठवड्यांत हात शिवशिवतात. ताईला एकाने व्हॉट्सअॅपवर "पंधरा दिवसांत पहिला नंबर, गॅरंटी" असं पाठवलं होतं. पहिल्या नंबराची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, हेही गुगलनेच लिहून ठेवलंय. मी स्वतः एक चूक आधीच करून बसलो होतो. डोमेन, सॉफ्टवेअर आणि डिझाइन, तिन्ही एकाच रात्री बदललं होतं. त्यामुळे घसरण कशामुळे हे ओळखायला इतके दिवस लागले. आता तरी काही हलवायचं नाही असं ठरवलं. फक्त जिथे आमचाच ताबा आहे, म्हणजे फेसबुक पेज, यूट्यूबच्या व्हिडिओखालची माहिती, तिथल्या लिंक नव्या केल्या.

आकडे बघतानाही मी एकदा फसलो. सप्टेंबरची तुलना गेल्या वर्षीच्या सप्टेंबरशी केली आणि पोटात गोळाच आला. मग लक्षात आलं, २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला होती! म्हणजे गेल्या वर्षीचा अख्खा गणेशोत्सव सप्टेंबरात, आणि यंदाचा जवळपास निम्मा ऑगस्टातच. आपल्याकडच्या रेसिपीच्या साइटची तुलना तारखेने करायचीच नाही, तिथीने करायची. सर्च कन्सोल सोळा महिन्यांचा डेटा ठेवतो, त्यात मागचा सण बसतो. चतुर्थीनंतरचे दिवस मोजून जोड्या लावल्या तेव्हा खरं चित्र दिसलं: पितृपक्षात आम्ही निम्म्यावर होतो, नवरात्रात उपवासाचे पदार्थ बऱ्यापैकी वर आले, आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात चकलीचं पान जवळपास जुन्या जागी होतं. अनारसे नाही आले. ते का नाही, हे मला अजून सापडलेलं नाही.

आता राहिलं जुनं डोमेन. चेंज ऑफ अॅड्रेसचा निरोप १८० दिवस चालतो, पण रीडायरेक्ट निदान वर्षभर आणि जमेल तितकी जास्त वर्षं ठेवा, असा सल्ला आहे. जुनं डोमेन सोडून दिलं तर दुसरा कोणीही ते विकत घेऊन ताईच्या दहा वर्षांच्या लिंकवर स्वतःचं दुकान थाटू शकतो. म्हणजे ज्या नावापासून सुटायला हा सगळा खटाटोप केला, तेच नाव आम्हाला विकत घ्यावं लागलं. त्या माणसाने ट्रान्सफरचा कोड दिला. त्याच्याशी रक्कम ठरवताना मी फोन स्पीकरवर टाकला आणि बोलली ताई. मला जमलं असतं त्याच्या निम्म्यात तिने आटपलं.

आता दोन्ही डोमेन तिच्या नावावर, तिच्या ईमेलवर, तिच्या कार्डावर आहेत. ऑटो-रिन्यूअल मी चालू करून दिलंय. तरी तिने कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी, लाल पेनाने लिहून ठेवलंय: "जुनं नाव - पैसे भरणे."