पाहुणा शिक्षक परतल्यावर संगणकाचे काय होते?

विकसनशील देशातील एखाद्या शाळेत जाऊन काही आठवडे वा काही महिने मुलांना संगणक शिकवावा, या इच्छेने दरवर्षी अनेक तरुण आपला देश सोडून बाहेर पडतात. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नसते. प्रश्न निर्माण होतो तो ते परत गेल्यानंतर. संगणक मागे राहतो, त्याचे पुढे काय होते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी बंगळुरूसारखे दुसरे शहर नाही. परदेशातील स्वयंसेवक येथे शिकवण्यासाठी येतात आणि येथील अभियंते शिकवण्यासाठी परदेशी जातात. शिक्षणात तंत्रज्ञानाचा उपयोग किती, याविषयीचे काही महत्त्वाचे संशोधनही याच शहरातून झाले आहे.

एक माऊस, पाच मुले

मायक्रोसॉफ्ट कंपनीने जानेवारी २००५ मध्ये बंगळुरू येथे आपली संशोधन संस्था सुरू केली. पी. आनंदन हे तिचे प्रमुख होते, तर केंटारो तोयामा हे सहसंस्थापक. विकसनशील देशांतील सामान्य माणसाला संगणकाचा काय उपयोग होईल, याचा अभ्यास करणारा गट तोयामा यांनी तेथे उभा केला. या गटाने ग्रामीण शाळा पाहिल्या, तेव्हा जवळजवळ सर्वत्र एकच दृश्य दिसले. एका संगणकासमोर चार-पाच मुले दाटीवाटीने बसलेली असत आणि माऊस मात्र एकाच्याच हाती असे. बहुधा तो वर्गातील धीट किंवा सुस्थितीतील घरचा मुलगा असे. इतर मुले, विशेषतः मुली, मागे बसून पडदा पाहत राहत.

यावर उदय सिंह पवार, जॉयजीत पाल आणि तोयामा यांनी काढलेला तोडगा सोपा होता. एकाच संगणकाला अनेक माऊस जोडायचे आणि प्रत्येक मुलासाठी पडद्यावर वेगळ्या रंगाचा बाण ठेवायचा. बंगळुरूच्या परिसरातील शासकीय शाळांमध्ये याची चाचणी घेण्यात आली. इंग्रजी शब्द शिकण्याच्या बाबतीत, स्वतंत्र संगणकावर बसलेल्या मुलांइतकीच प्रगती अनेक माऊस वापरणाऱ्या मुलांनीही केल्याचे त्यात आढळले. पुढे कंपनीने ही प्रणाली इतरांना वापरण्यासाठी खुली केली.

येथपर्यंतची कथा यशाची आहे. मात्र हीच सोय अन्य शाळांत नेल्यावर वेगळेच चित्र समोर आले. जेथे मुख्याध्यापक दक्ष होते आणि शिक्षकांना वेळ होता, तेथे तिचा उपयोग झाला. जेथे शिक्षक कमी होते, वर्ग भरगच्च होते आणि वीज बेभरवशाची होती, तेथे माऊस एक असो वा पाच, फारसा फरक पडला नाही.

घानाहून बंगळुरूकडे

तोयामा यांच्यासाठी हा अनुभव सर्वस्वी नवा नव्हता. बंगळुरूला येण्यापूर्वी त्यांनी आफ्रिकेतील घाना या देशात गणित शिकवले होते. राजधानी अक्रा येथे २००२ मध्ये अशेसी विद्यापीठ सुरू झाले होते. त्याचे संस्थापक पॅट्रिक अवुआ हे मूळचे घानाचे. अमेरिकेत शिक्षण घेऊन त्यांनी अनेक वर्षे मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी केली आणि नंतर मायदेशी परतून हे विद्यापीठ काढले. पहिल्या तुकडीत अवघे ३० विद्यार्थी होते आणि वर्ग भाड्याच्या जागेत भरत. २०११ मध्ये विद्यापीठ बेरेकुसो येथील स्वतःच्या परिसरात गेले. या कार्यासाठी अवुआ यांना २०१५ मध्ये मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली.

अशेसीच्या उभारणीत बाहेरून आलेल्या शिक्षकांचा वाटा होता. परंतु संस्था त्यांच्या येण्याजाण्यावर अवलंबून नव्हती. अभ्यासक्रम कोणता, विद्यार्थ्यांकडून अपेक्षा कोणत्या, शिस्त कोणती, हे ठरवणारी माणसे तेथे कायम राहणारी होती. पाहुणा शिक्षक एका चालत्या व्यवस्थेत आपली भर घालत असे आणि तो परतल्यावरही ती व्यवस्था चालू राहत असे.

घाना आणि बंगळुरू येथील अनुभवांतून तोयामा यांनी जो निष्कर्ष काढला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीक हेरेसी’ या पुस्तकात त्यांनी मांडला आहे. ध्वनिवर्धक आवाज निर्माण करीत नाही, असलेला आवाज मोठा करतो. तंत्रज्ञानाचेही तसेच आहे, असे या निष्कर्षाचे सार सांगता येईल. शाळा चांगली असेल तर संगणक तिला अधिक चांगली करतो. शाळा विस्कळीत असेल तर तो तिच्या अडचणींत एकाने भर टाकतो. तोयामा पुढे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक झाले.

महाराष्ट्रातील वाचकांना याच गटाचे आणखी एक काम जवळचे वाटेल. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रे उघडण्यात आली आणि त्यांतून शेतकऱ्यांना माहिती व शिक्षण मिळेल, अशी अपेक्षा होती. बंगळुरूच्या संशोधकांनी प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा ही केंद्रे मुख्यतः उसाच्या नोंदींसाठीच वापरली जात असल्याचे दिसले. तेवढे काम साध्या मोबाईलवरील लघुसंदेशाने भागते, हे त्यांनी सात गावांत प्रयोग करून दाखवले. प्रथम पाहावे, मग ठरवावे, हा या प्रयोगाचा धडा होता. बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकालाही तो लागू पडतो.

आकडे काय सांगतात?

मुंबईत १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेचा गुजरातमधील अनुभव या संदर्भात बोलका आहे. वडोदरा शहरातील बहुतेक महापालिका शाळांना २००० साली राज्य सरकारकडून प्रत्येकी चार संगणक मिळाले होते. प्रत्यक्षात त्यांतील फारच थोडे वापरात होते. ‘प्रथम’ने स्थानिक तरुणांना थोडे प्रशिक्षण देऊन शाळांत पाठवले. चौथीची मुले दोघांत एक संगणक घेऊन आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ खेळू लागली.

अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर दुफ्लो आणि ली लिंडेन यांनी या उपक्रमाचे मोजमाप केले. त्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या वर्षी या मुलांच्या गणितातील गुणांत ०.४७ प्रमाण विचलन इतकी वाढ दिसली. सोप्या भाषेत सांगायचे तर, शंभर मुलांत मधोमध असलेले मूल सुमारे अठरा मुलांना मागे टाकील, इतकी ही वाढ होती. याच अभ्यासात मुंबई आणि वडोदरा येथील ‘बालसखी’ उपक्रमही तपासण्यात आला. वस्तीतील तरुणी अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना वाचन व अंकगणित शिकवत. संगणक नसतानाही तेथे दुसऱ्या वर्षी ०.२८ इतकी वाढ झाली. मात्र उपक्रम थांबल्यानंतर वर्षभराने दोन्हीकडचा लाभ ०.१० च्या आसपास उरला. शिकवणे थांबले की शिकलेलेही ओसरते, हा या आकड्यांचा अर्थ आहे.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने याच्या उलट वाट धरली. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेत त्या देशाने मुलांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप वाटले. ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पंधरा महिन्यांनंतरही गणित आणि भाषा या विषयांत फरक दिसला नाही. तर्कशक्तीच्या काही चाचण्यांत थोडी प्रगती आढळली, एवढेच. या मोहिमेचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात या छोट्या गावी झाला होता.

बंगळुरूतील अझीम प्रेमजी फाउंडेशननेही २००० च्या दशकाच्या प्रारंभी संगणकाधारित अभ्यास साहित्यावर बराच भर दिला होता. अनुभवांती संस्थेने आपले लक्ष शिक्षकांच्या घडणीकडे वळवले.

पाहुण्याला काय साधता येते?

याचा अर्थ परदेशी स्वयंसेवकाने येऊच नये, असा नाही. बंगळुरूहून जवळ, तमिळनाडूच्या कृष्णगिरी जिल्ह्यातील बालिगानपल्ली येथे ‘शांती भवन’ ही निवासी शाळा आहे. अब्राहम जॉर्ज यांनी ती १९९७ मध्ये सुरू केली. अत्यंत गरीब कुटुंबांतील मुले तेथे लहान वयात दाखल होतात आणि बारावीपर्यंत राहतात. पुढे महाविद्यालयीन शिक्षणासाठीही त्यांना साहाय्य मिळते. या शाळेत अनेक देशांतील स्वयंसेवक शिकवून गेले आहेत. शाळेचा कणा मात्र कायमस्वरूपी शिक्षक व कर्मचारी यांचाच आहे. मुलाला वर्षानुवर्षे ओळखणारे कोणी तरी तेथे असते, म्हणून तीन महिन्यांचा पाहुणा उपयोगी ठरतो.

शासकीय शाळेत ही सोय सहसा नसते. तेथे पाहुण्याला पहिली अडचण येते ती भाषेची. कर्नाटकातील शासकीय शाळांत बहुतांश मुले कन्नड माध्यमात शिकतात. इंग्रजीतून दिलेला उत्तम धडाही त्यांच्यापर्यंत अर्धाच पोहोचतो. दुसरी अडचण वेळापत्रकाची. एप्रिल-मे या सुटीच्या दिवसांत आलेल्या स्वयंसेवकाला शाळा बंद आढळते आणि वार्षिक परीक्षेच्या तोंडावर आलेल्याला कोणी तास देत नाही. तिसरी अडचण अधिक नाजूक आहे. वर्ग पाहुण्याच्या स्वाधीन झाला की नियमित शिक्षक अन्य कामांत गुंततात. पाहुणा गेल्यावर संगणकाची खोली कुलूपबंद होते, कारण त्या कुलपामागे काय करायचे हे शाळेतील कोणालाच शिकवलेले नसते.

स्वयंसेवेची दुसरी रीत याच शहरात पाहायला मिळते. सुदर्शन लेआउट या झोपडवस्तीत २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘आंबेडकर कम्युनिटी कम्प्युटिंग सेंटर’ उभे राहिले. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतील अभियंते आणि विद्यार्थी सुटीच्या दिवशी येऊन वस्तीतील मुलांना शिकवू लागले. जुने संगणक आणि विनामूल्य मिळणारी सॉफ्टवेअर एवढीच सामग्री होती. हे शिक्षक त्याच शहरात राहणारे असल्याने पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटत. अशा केंद्रांत परदेशी पाहुण्याचेही स्वागत होऊ शकते. फक्त मुख्य भार त्याच्यावर नसतो.

येणारे आणि जाणारे

एकेकाळी भारत मुख्यतः स्वयंसेवक स्वीकारणारा देश होता. अमेरिकेच्या ‘पीस कोअर’चे चार हजारांहून अधिक स्वयंसेवक १९६१ ते १९७६ या काळात भारतात येऊन गेले. त्याच काळात भारताने इतर देशांना साहाय्य करण्यासही सुरुवात केली. १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटेक’ या भारतीय तांत्रिक व आर्थिक सहकार्य कार्यक्रमातून विकसनशील देशांतील अधिकारी भारतात प्रशिक्षणासाठी येतात आणि भारतीय तज्ज्ञ त्या देशांत जातात. घानाच्या राजधानीत २००३ मध्ये भारताच्या सहकार्याने कोफी अन्नान माहिती तंत्रज्ञान केंद्र सुरू झाले. त्याच्या उभारणीत पुण्याच्या ‘सी-डॅक’चा सहभाग होता.

खासगी कंपन्यांनीही हा मार्ग स्वीकारला. आयबीएमने २००८ मध्ये कर्मचाऱ्यांची छोटी पथके सुमारे चार आठवड्यांसाठी घाना, टांझानिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स आदी देशांत पाठवण्यास प्रारंभ केला. त्यांत भारतातील कर्मचारीही होते. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० मध्ये मंजूर झाला असून, त्यातून घरबसल्या इंटरनेटद्वारे काम करण्याची सोयही उपलब्ध झाली आहे.

जाण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

पुणे, नागपूर वा बंगळुरूतील एखादा मराठी अभियंता अशा कामासाठी परदेशी जाण्याचा विचार करीत असेल, तर वरील अनुभवांतून काही प्रश्न समोर येतात.

पहिला प्रश्न, मागणी कोणाची? शाळेने वा संस्थेने विशिष्ट काम सांगितले असेल तर उपयोगाची शक्यता वाढते. दुसरा, सोबत कोण? आपल्याबरोबर वर्गात उभा राहणारा स्थानिक शिक्षक ठरलेला असावा आणि शेवटचे काही धडे त्यानेच घ्यावेत. तिसरा, साहित्य कोणते? स्थानिक भाषेत चालणारे, दुरुस्तीला सोपे आणि परवान्याचा खर्च नसलेले साहित्य मागे टिकते. चौथा, मुदत किती? भाषा येत नसेल तर चार आठवड्यांत मुलांना शिकवण्यापेक्षा शिक्षकांना साहाय्य करणे अधिक फलदायी ठरते. पाचवा प्रश्न खर्चाचा आहे. विमानप्रवास आणि निवास यांवर होणाऱ्या खर्चात त्या देशातील एखाद्या शिक्षकाचे किती महिन्यांचे वेतन भागले असते, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करावा. तो केल्यावरही जावेसे वाटले, तर आपल्या जाण्याने नेमके कोणते काम होणार आहे, हे अधिक स्पष्ट झालेले असते.

स्वयंसेवकाला बोलावणाऱ्या शाळांनीही आपल्या बाजूने एक अट घालण्यास हरकत नाही. पाहुण्याने निघण्यापूर्वी संगणक खोलीची किल्ली, पुढील सत्राचे वेळापत्रक आणि धड्यांची वही शाळेतील एका शिक्षकाच्या हाती सोपवावी. त्या शिक्षकाने पाहुण्याच्या देखत एक तास घ्यावा आणि पाहुण्याने तो मागच्या बाकावर बसून पाहावा. तो तास नीट पार पडला, तर पाहुणा परतल्यावरही ती खोली उघडी राहण्याची आशा बाळगता येते.