तेरीज जुळेपर्यंत सुट्टी नाही!

मे महिना म्हणजे गाव, आंबे, लग्नं आणि दुपारची झोप. पण नागपुरात ‘उन्हाळी परीक्षा’ नावाची एक भानगड असते. नवतपाच्या उन्हात कूलरसमोर बसून अकाउंट्स सोडवणाऱ्यांची ही गोष्ट.

दुपारचे दोन वाजलेत. बाहेर पारा ४५ वर. रस्त्यावर चिटपाखरू नाही. नंदनवनमधल्या आमच्या रूमवर कूलर घरघरतोय आणि माझी रूममेट चटईवर पाच-सहा कागद पसरून एकाच आकड्याकडे बघत बसलीये. ५४०.

‘‘५४० चा फरक येऊन राहिला,’’ ती म्हणते. ‘‘तिसऱ्यांदा.’’

मी हसते. ती चिडते. ‘‘तू काऊन हसून राहिली? तुला जमलं असतं तर तू पेपरात काम करत असती का?’’

बरोबर आहे तिचं. बारावी कॉमर्स करून मी मास कॉमला पळाले, त्याचं अर्धं कारण हेच होतं. माझी तेरीज कधीच जुळली नाही. त्यामुळे ऑफिसात सरांनी ‘सुट्टीत मुलं काय करतात, यावर काहीतरी हलकंफुलकं लिही’ म्हटलं, तेव्हा मला फार लांब जावं लागलं नाही. सुट्टी नसलेली मुलगी माझ्याच रूमवर होती.

ती बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पण पहिल्या वर्षाचा अकाउंट्सचा पेपर अजून मागे लागलाय. एटीकेटी. म्हणजे ‘अलाऊड टू कीप टर्म्स’, पुढच्या वर्गात बसा, पण मागचं सोबत घेऊन बसा. दोनदा दिला, दोनदा राहिला. आता तिसऱ्यांदा, दहा दिवसांवर. मामेबहिणीचं लग्न याच आठवड्यात आहे. ती गेलेली नाही.

हा विषय वाचून होत नाही

बाकीचे पेपर आपण कसे काढतो, ते आपल्याला माहीत आहे. आदल्या रात्री नोट्स, सकाळी तर्री-पोहे, आणि देवाचं नाव. अकाउंट्समध्ये ही शिस्त चालत नाही. सोडवलेलं उदाहरण वाचताना सगळं कळतं. वही बंद करून तेच उदाहरण कोऱ्या कागदावर घ्या, तिसऱ्या ओळीत हात थांबतो. सायकलसारखं आहे ते, दुसऱ्याला चालवताना बघून येत नाही.

म्हणून उन्हाळा. कॉलेज बंद, लेक्चर नाही, मधले फेस्ट-बिस्ट नाही. सलग तीन तास मिळतात आणि एका मोठ्या उदाहरणाला तेवढे लागतातच. आमच्या जवळच्या अभ्यासिकेत सकाळी साडेसहाला जागा धरावी लागते. तिथे अर्धे स्पर्धा परीक्षावाले, उरलेल्यांत बरेच सीएवाले. सीएची फाउंडेशन आणि इंटर परीक्षा २०२४ पासून वर्षातून तीनदा होते आणि त्यातली एक नेमकी उन्हाळ्यात येते. इंटरला प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के आणि ग्रुपचे मिळून ५० टक्के लागतात. म्हणजे सगळीकडे चाळीस-चाळीस काढूनही माणूस नापास होतो. त्या टेबलावर कोणी बोलत नाही. फक्त कॅल्क्युलेटरची टकटक.

मेसेज म्हणतो ‘क्रेडिट’, वही म्हणते ‘डेबिट’

रूममेटची अडचण मात्र बेरजेची नव्हतीच. ते मला या लेखाच्या निमित्ताने कळलं.

ती यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातली. बारावीपर्यंत मराठी माध्यम. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, घसारा हे शब्द तिला पाठ. कॉलेजात आली आणि पहिल्याच तासाला हे सगळे शब्द गायब. जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स, बॅलन्स शीट, डेप्रिसिएशन. ‘‘मला दोन महिने वाटत होतं हा वेगळाच विषय आहे,’’ ती सांगते. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर अजूनही दोन रकाने आहेत, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी.

पण खरी गाठ पुढे होती. तिच्या बाबांचं किराणा दुकान आहे. ते वही लिहितात ती जुन्या पद्धतीने, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. आपल्याकडच्या पारंपरिक बही-खात्याची रीत तीच. कॉलेजच्या पुस्तकात नेमकं उलट, डावीकडे डेबिट म्हणजे नावे, उजवीकडे क्रेडिट म्हणजे जमा. लहानपणापासून डोळ्यांना बसलेली बाजू एका वर्षात कशी बदलणार? त्यात बँकेचा मेसेज येतो, ‘आपले खाते क्रेडिट झाले’. पैसे आले म्हणजे क्रेडिट, असं आपण सगळेच धरून चालतो. मग पुस्तक सांगतं, बँकेत पैसे आले की बँक खातं डेबिट करा. डोकं फिरतं.

उत्तर सोपं आहे, पण ते कोणीतरी सांगावं लागतं. मेसेज बँकेच्या वहीतून आलेला असतो. आपण ठेवलेले पैसे हे बँकेच्या दृष्टीने आपलं देणं, म्हणून त्यांच्याकडे आपण जमेच्या बाजूला. आपल्या वहीत बँक ही आपल्याला देणं लागते, म्हणून ती नावे. व्यवहार एकच, वह्या दोन. कोणाच्या वहीतून बघतोय, हे आधी ठरवायचं.

‘‘हे मला पहिल्या वर्षी समजलं असतं ना, तर मी आज लग्नात नाचली असती,’’ ती म्हणाली.

तसा हा हिशेब काही काल-परवाचा नाही. लुका पाचोली नावाच्या इटालियन गणिती भिक्षूने १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात ही दुहेरी नोंदीची पद्धत मांडली. त्याने ती शोधली नव्हती, तिथले व्यापारी ती आधीपासून वापरत होते. त्याने ती नीट लिहून काढली. म्हणजे दुकानदार आधी, पुस्तक नंतर.

बाबांची वही

एप्रिलमध्ये ती दोन दिवस घरी गेली होती. येताना बाबांच्या वहीचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन आली, सव्वाशेच्या वर पानं. पुस्तकातल्या ‘श्री. अबक यांच्या पुस्तकांवरून’ या उदाहरणांना ती कंटाळली होती. म्हणाली, ‘‘खऱ्या दुकानाचं करून पाह्यतो.’’

पहिल्याच दिवशी अडली. घरात लागणारं तेल, साखर, साबण दुकानातूनच येतं, त्याची नोंद कुठेच नाही. पुस्तकात याला उचल म्हणतात, मालकाने स्वतःसाठी काढलेला माल. ‘‘आमच्याकडे आई आवाज देते, एक किलो साखर पाठवा. झाली उचल.’’ तिने आईला फोन करून महिन्याचा अंदाज घेतला. आईला वाटलं, पोरगी घरखर्च मोजायला लागली.

आठवडाभराने चित्र तयार झालं. वर्षाचा नफा साधारण १ लाख २० हजार. पण हातात आणि बँकेत मिळून जेमतेम ११ हजार. थोडं घरखर्चात गेलेलं, आणि मोठी रक्कम उधारीत, १ लाख ३८ हजार. नफा आहे, पण पैसा नाही. हे वाक्य तिने पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं.

‘‘माझी फी दरवर्षी उशिरा काऊन भरली जाते, ते मला आता समजलं,’’ ती म्हणाली. तोवर मला वाटत होतं, आपण अभ्यासाबद्दल बोलतोय. गावातली उधारी फिटते कापूस विकल्यावर, दिवाळीच्या आगेमागे. जूनमध्ये पेरणी, बियाणं, खत. सगळ्यांचे खिसे रिकामे असतात आणि नेमकी तेव्हाच कॉलेजची फी येते. बाबा ‘थांब थोडं’ म्हणायचे. तिला वाटायचं, त्यांना शिकवायचं नाहीये. एटीकेटीनंतर तर ती हेच धरून बसली होती.

उधारीतले ३१ हजार तीन वर्षांपासून जागचे हललेले नाहीत. तिने फोनवर बाबांना सांगितलं, हे बुडीत धरा. बाबा म्हणाले, ‘‘माणूस जिवंत आहे, बुडीत कसं?’’

यावर पुस्तकाकडे उत्तर आहे. रक्कम कायमची सोडून देणं म्हणजे बुडीत. पण येईल की नाही अशी शंका असेल, तर नफ्यातून तेवढी तरतूद बाजूला ठेवायची. माणसाचं नाव खात्यात तसंच राहतं. मागायचं आपण थांबत नाही, फक्त तो पैसा आलाच असं समजून खर्च करत नाही. हे तिने बाबांना समजावलं. ते किती पटलं, माहीत नाही. ‘बरं’ म्हणाले.

टॅली आहे की!

हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. मलाही आला होता. सगळं सॉफ्टवेअर करतं, मग ४५ अंशांत हाताने कशाला?

वरच्या मजल्यावरचा दादा बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि एप्रिलपासून एका कर सल्लागाराकडे जातो. ३१ मार्चला वर्ष संपतं, मग पुढचे तीन-चार महिने अशा ऑफिसांत हातांची गरज असते. तो म्हणाला, ‘‘टॅली दोन्ही बाजू सारख्या नसतील तर एंट्रीच घेत नाही. पण सारख्या असल्या की काहीही घेते.’’ त्याने दुकानासाठी घेतलेला ४२ हजारांचा फ्रीजर चुकून ‘दुरुस्ती खर्चा’त टाकला होता. टॅलीने काही कुरकूर केली नाही. तेरीज जुळली, नफा मात्र धपकन खाली आला. फ्रीजर ही मालमत्ता. त्याचा खर्च घसाऱ्याच्या रूपाने थोडा थोडा दरवर्षी दाखवायचा, एकदम नाही. चूक सरांनी पकडली, सॉफ्टवेअरने नाही.

घसारा तर आमच्या रूमवरच घरघरत होता. कूलर ८ हजारांचा, पाच वर्षं चालेल, मग भंगारात ५०० येतील असं धरलं, तर साडेसात हजार भागिले पाच, दरवर्षी १,५००. वापर तीनच महिने, पण घसारा बारा महिन्यांचा. तीन वर्षांच्या कॉमर्समध्ये जे माझ्या डोक्यात गेलं नसतं, ते त्या दुपारी गेलं.

फरक सापडत नाहीये? आधी हे करा

रूममेट आणि दादा यांच्याकडून घेतलेली यादी. परीक्षेआधी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

१. बेरजा पुन्हा करा, पण खालून वर. त्याच दिशेने केली की डोळा तीच चूक करतो.

२. फरकाची रक्कम जशीच्या तशी शोधा. एखादं खातं तेरजेत घ्यायचंच राहिलेलं असतं.

३. फरकाचं अर्धं करा. तेवढी रक्कम चुकीच्या बाजूला बसली असेल, तर फरक दुप्पट दिसतो.

४. फरकाला ९ ने भाग जातो का बघा. गेला, तर बहुतेक शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेलेत.

५. परीक्षेत दहा मिनिटांत सापडलं नाही, तर सोडा. फरक सस्पेन्स खात्यात टाका आणि पुढचा प्रश्न घ्या. एका फरकासाठी अख्खा पेपर घालवू नका.

आणि हो, जुळली म्हणजे बरोबर असं नाही. एखादी नोंद पूर्णच राहिली, तरी दोन्ही बाजू मजेत जुळतात.

५४० चं काय झालं?

तर त्या दुपारी. अर्धं केलं, २७०. अशी रक्कम कुठेच नाही. ९ ने भागलं, ६०. दादाने सांगितलेलं तिला आठवलं. ६० आले, म्हणजे शतक आणि दशकाचे अंक उलटलेत, आणि त्या दोन अंकांमध्ये सहाचा फरक आहे. २ आणि ८, १ आणि ७, ३ आणि ९, नाहीतर ० आणि ६. आम्ही दोघी पेन घेऊन कागदांवर वाकलो. मीसुद्धा! पगार खात्यात ६,८२० लिहिलं होतं. रोजकीर्दीत ६,२८०.

ती ओरडली इतकी जोरात की खालून काकूंनी विचारलं, ‘‘काय झालं गं पोरींनो?’’

पेपर गुरुवारी आहे. शुक्रवारी ती गावी जाणार. लग्न झालेलं असेल, पण पाहुणे असतील. सीताबर्डीतून तिने बाबांसाठी एक जाडजूड रजिस्टर घेतलंय. बाबांच्या वहीत सगळं तारखेप्रमाणे आहे. कोणाकडे किती बाकी, हे शोधायला सगळी पानं उलटावी लागतात. नव्या रजिस्टरमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. पहिल्या पानावर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘खतावणी’. मराठीत.