पाखरांच्या पेटीतील अनपेक्षित रहिवासी

नागपूरच्या रामदासपेठेत अनेक जुन्या बंगल्यांच्या जागी आता बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. जेथे परस व झाडे उरली आहेत, तेथे चिमण्यांसाठी लाकडी पेट्या टांगण्याची प्रथा दिसते. नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने खेड्यांतील शाळांतही अशा पेट्या लागल्या आहेत. परंतु पेटी चिमणीसाठी लावावी आणि तीत भलताच जीव राहावयास यावा, असे पुष्कळदा घडते. अशा वेळी मुले भोकात हात घालतात किंवा दगड मारतात. म्हणून यामागील कारण शिक्षकांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

कारण. चिमणी, साळुंकी, दयाळ व पिंगळा हे पक्षी ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत घरटे करतात. परंतु त्यांना स्वतः ढोली कोरता येत नाही. ते काम सुतारपक्षी व तांबट करतात. त्यांनी सोडलेल्या किंवा फांदी कुजून झालेल्या ढोल्या इतरांच्या उपयोगी पडतात. जुने झाड तोडले की या ढोल्याही जातात. आपली पेटी ही एक ढोलीच होय. म्हणून ढोलीची गरज असलेला कोणताही जीव तिचा आश्रय घेतो.

रहिवासी. खार भोक कुरतडून मोठे करते आणि आत काथ्या, कापूस, चिंध्या भरते. तिची पिल्ले जन्मतः केसरहित असून त्यांचे डोळे मिटलेले असतात. आग्या व फुलोरी मधमाशा उघड्यावर पोळे बांधतात. सातेरी मात्र अंधाऱ्या पोकळीत समांतर पोळी बांधते, तेव्हा पेटी तिला सोयीची पडते. पेटीत पाली शिरल्या की त्यांच्या मागे कवड्या साप येऊ शकतो. अंडी, पिल्ले व उंदीर यांच्या शोधात धामण व तस्कर हे सापही झाडावर चढतात. हे तिन्ही साप बिनविषारी आहेत.

तथापि कवड्या हा अतिविषारी मण्यारीसारखा दिसतो. कवड्याच्या अंगावरील पट्टे मानेकडे ठळक व शेपटीकडे पुसट असतात. मण्यारीचे याच्या उलट असतात. ही खूण फळ्यावर चित्र काढून अवश्य शिकवावी. परंतु पेटीजवळ उभे राहून साप ओळखण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता.

१. पेटीच्या भोकात हात घालण्यास विद्यार्थ्यांना सक्त मनाई करावी.

२. चिमणीसाठी भोक सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचे ठेवून त्याभोवती पत्रा ठोकावा, म्हणजे खारीला ते कुरतडता येत नाही.

३. काही दिवस दुरून पाहून पेटी रिकामी असल्याची खात्री झाल्यावरच, मोठ्या माणसाने लांब काठीने झाकण उघडून ती साफ करावी.

४. खारीची पिल्ले असल्यास ती मोठी होऊन निघून जाईपर्यंत पेटी हलवू नये. मधमाशांना धूर देऊ नये. जाणत्या मधपाळास बोलवावे.

५. साप दिसल्यास मुलांना दूर न्यावे व वनविभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे. सापास मारू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये सापांना संरक्षण आहे.

६. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. विषारी दंशावर प्रतिसर्पविष हाच खरा उपाय होय.

पेटीत चिमणी आली नाही म्हणून उपक्रम फसला असे मानू नये. कोण आले, केव्हा आले व काय घेऊन आले, याची नोंद विद्यार्थ्यांकडून दुरूनच करवून घ्यावी. गावातील जुन्या ढोलीच्या झाडांचीही त्याच वहीत गणना करावी, म्हणजे ती झाडे का राखावीत हे मुलांना स्वतःच्या नोंदीवरून उमगेल.